आधी वाटी, मग सुई

गेल्या महिन्यात बदलापूरहून एक मास्तरीणबाई माझ्या दारात आल्या. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून एक करडं डोकं बाहेर. "मांजराला इन्सुलिन देत होत्या त्या तुम्हीच ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, आत या, आधी त्या बिचाऱ्याच्या गळ्याभोवतीचा बंद सैल करा.

तासभर बसल्या. काचेची सिरिंज कशी उकळायची, बाटली कशी धरायची, मानेमागची कातडी चिमटीत कशी उचलायची, सगळं मी करून दाखवलं. शिकवायला मला आवडतं. घरचे मला हेडमास्तरीण म्हणायचे ते उगीच नाही. बाई समाधानाने गेल्या. त्या गेल्यावर मी दार लोटून बसून राहिले, कारण नेमकं जे सांगायला हवं होतं तेच मी सांगितलं नव्हतं. तोंडाने सांगवेना. म्हणून लिहायला बसले आहे. लिहून झालं की हे कागद त्यांना धाडणार आहे.

*

हे म्हणजे माझे यजमान, अंबरनाथच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. लग्नानंतर चौथ्या वर्षी ह्यांना मधुमेह निघाला. तेव्हापासून अकरा वर्षं सकाळी सातला सुई. भांड्यात सिरिंज उकळायची मी, लघवी तपासायची मी, भाकरी तोलायची मी. मूलबाळ झालं नाही, तेव्हा माझा सगळा कडकपणा ह्यांच्या वाट्याला आला. "आमच्या घरात दोन घड्याळं आहेत," हे आल्यागेल्याला सांगायचे. "एक भिंतीवरचं, ते कधीमधी मागे पडतं. दुसरं पोळ्या लाटतंय."

घरात साखर आणायची नाही असा माझा दंडक होता. फक्त फळीवर एका बरणीत पाच-सहा चमचे असायची, तीही औषध म्हणून. सुई लागली आणि पोटात अन्न कमी गेलं की ह्यांना घाम सुटायचा. पण घामाच्या आधी एक खूण असायची. हे गप्प व्हायचे. दिवसभर टकळी चालू असलेला माणूस वाक्य अर्धं सोडून भिंतीकडे बघत बसला की मी हातातलं टाकून साखरपाणी घेऊन धावायची. अकरा वर्षांत ती खूण मी एकदाही चुकवली नाही. याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू.

ह्यांनी एकदा स्टोअरमध्ये गोण्यांच्या मागे सापडलेलं बोक्याचं पिल्लू डब्याच्या पिशवीतून घरी आणलं. पांढरं, एका डोळ्यावर काळा ठिपका. मोठा झाल्यावर तो रोज संध्याकाळी दारात बसून ह्यांची पिशवी आतबाहेर हुंगून तपासायचा, म्हणून त्याचं नाव मुकादम. सकाळी सातला हे दंडाला स्पिरिट लावायचे तेव्हा मुकादम खिडकीत बसून बघायचा. "साहेब, हजेरी लागली का?" असं हे त्याला विचारायचे आणि मग सुई टोचायचे.

*

नव्या बुटाने ह्यांचा अंगठा चावला. एवढंसं कातडं गेलं होतं. महिन्याभरात पाऊल काळं पडलं आणि ह्यांना कल्याणच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

तिथले दिवस सगळे एकाच रंगाचे होते. पहाटे फरशी पुसायचा वास, मग नर्सबाईंची सुई, मग बिनसाखरेचा चहा, मग पायाची पट्टी. पट्टी सोडताना मला बाहेर काढायचे. मी व्हरांड्यात बाकावर बसून आतला आवाज ऐकायची. घरी सगळं मोजूनमापून आवरणारी मी, तिथे माझ्या हातात काही नव्हतं. मला फार भीती वाटायची आणि भीती वाटली की मी रागावते. ह्यांच्यावर रागावले, नर्सबाईंवर रागावले, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना कोणी पेढे आणले तर त्यांच्यावरसुद्धा.

जायच्या आदल्या दिवशी हे म्हणाले, "इंदू, खीर कर ना. वाटीभर."

मी म्हटलं, "बरे होऊन घरी चला, मग बघू."

"वाटीभरच गं."

"साखर किती आहे ते ठाऊक आहे ना?" मी म्हटलं. ह्यांनी मान हलवली आणि कूस बदलली. पुढे माझ्याशी हे फारसं काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

*

कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. शंकराच्या देवळाच्या बाजूला एक खोली आणि मागे पडवी अशी जागा मिळाली. शिवणाचं मशीन माझं होतंच. उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमधल्या एका सिंधी दुकानदाराचे परकर शिवायला घेतले. मुकादम माझ्याबरोबर आला. पहिले काही आठवडे तो संध्याकाळी दारात जाऊन बसायचा. मी मशीन थांबवून म्हणायची, "कोण येणारे आता, चल आत." तो यायचा नाही. मग मीच जाऊन त्याच्याशेजारी बसायची.

सहा-सात महिन्यांनी तो सारखं पाणी प्यायला लागला. बशीतलं संपवून बादलीत तोंड घालायचा. खायचा भरपूर आणि पाठीची हाडं मात्र वर येत चाललेली. मोरीच्या कोपऱ्यात गोणपाट होतं, तिथे तो लघवी करायचा. एका सकाळी मी गोणपाट उचललं तर खाली मुंग्यांची रांग.

मी तिथेच बसले. त्या मुंग्या मी आधी पाहिल्या होत्या.

ट्रंकेत ह्यांचं सगळं सामान होतं. स्पिरिटचा दिवा, काचेची नळी, निळ्या औषधाची बाटली. दुसऱ्या दिवशी मोरी कोरडी पुसून मुकादमाला आत कोंडलं आणि जे मिळालं त्याचे आठ थेंब निळ्या औषधात टाकून उकळले. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं आणि मग विटेसारखं लाल, ह्यांचं व्हायचं तसं. मी नळी उजेडात धरली आणि मोठ्याने म्हटलं, "आता तू पण." मग मात्र मला रडू आलं. ह्यांच्या बाराव्यालासुद्धा मी अशी रडले नव्हते.

*

कल्याणला गुरांचे डॉक्टर होते, वयस्कर, तंबाखू खाणारे. मी टोपलीचं झाकण उघडलं तेव्हा त्यांना वाटलं असावं की बाई चुकून आली. मी नळीची हकिगत सांगितली. त्यांनी तंबाखू गालात सरकवली.

"बाई, मी म्हशी बघतो, बैल बघतो. कुत्र्याला इन्सुलिन दिल्याचं वाचलंय. मांजराला मी स्वतः कधी दिलेलं नाही."

"मी माणसाला अकरा वर्षं दिलंय," मी म्हटलं.

"मग आपण दोघं मिळून शिकू," ते म्हणाले. एवढा प्रामाणिक डॉक्टर मला पुन्हा भेटला नाही. त्यांनी कागदावर लिहून दिलं: सकाळी दोन युनिट, दुधाळ रंगाचं इन्सुलिन, बाटली हलवायची नाही, तळव्यांत फिरवायची. बाटलीवरचा औषधाच्या जोराचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, ते दर वेळी बघायचं. आणि मग कागद माझ्या हातात देताना म्हणाले, "आधी वाटी, मग सुई. खाल्लं तरच टोचा. नाही खाल्लं तर त्या दिवशी राहू दे. एक दिवस चुकल्याने मरणार नाही, रिकाम्या पोटी दिलीत तर मरेल."

मी मान हलवली. मला शिकवतात, असं मनात म्हटलं.

औषध कॅम्प तीनमधल्या एका केमिस्टाकडे मिळायचं. सिंधहून सगळं सोडून आलेला माणूस, फळकुटांच्या दुकानात बसायचा. ऐकून हसला. "बिल्ली को भी शुगर? साईं, क्या जमाना आया." पण वैशाखात माझ्या खोलीचे पत्रे तापायला लागले आणि ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवलेली बाटलीही कोमट लागायला लागली, तेव्हा त्यानेच दुसरी बाटली आपल्या बर्फाच्या पेटीत ठेवून घेतली. परकर द्यायला जाईन तेव्हा तो आधी विचारायचा, "बिल्ली ठीक?" नंतर धंद्याचं.

दोन आठवड्यांत मुकादमाचं पाणी कमी झालं, महिन्यात पाठ भरली. सकाळी तो भात-मासे खायचा, मी वाटी रिकामी झालेली बघायची, मग सात वाजता मानेवर चिमटी आणि सुई. त्याला कळायचंसुद्धा नाही. टोचल्यावर मी भिंतीवर खडूने एक रेघ ओढायची, म्हणजे दिली की नाही असा घोळ नको. "साहेब, हजेरी लागली," असं मी म्हणायला लागले होते. ह्यांचं वाक्य माझ्या तोंडी कधी आलं ते कळलं नाही.

ह्यांच्यामागे कोणाचं तरी घड्याळ मला व्हायचं होतं, खरं सांगायचं तर.

*

वर्षश्राद्ध आलं. करणार ह्यांचे धाकटे भाऊ, आमचे भाऊजी. सैपाकाला वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, आदल्या दिवशीच बदलापूरहून आल्या. आल्या आल्या त्यांनी चूल सारवली, भांडी पुन्हा घासली आणि मुकादमाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इंदू, उद्या याला डालग्याखाली घाल. श्राद्धाच्या दिवशी मांजर मोकळं ठेवत नाहीत आपल्याकडे. तोंड घातलं कशात तर सगळा सैपाक फुकट."

त्या काही दुष्ट नव्हत्या. माहेरी-सासरी त्यांनी हेच पाहिलं होतं आणि मीही पाहिलं होतं. कोंबड्या झाकायचं मोठं डालगं मी शेजारून मागून आणलं.

सकाळी वन्सं सोवळ्याने चुलीपाशी बसल्या. पितरांची पानं होईपर्यंत घरात कोणी खायचं नाही, आणि मासे तर घरात आणायचेच नव्हते. दूध खिरीसाठी मोजून घेतलेलं. मी मुकादमाची वाटी हातात घेऊन उभी राहिले. काय घालू? आणि तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले.

सात म्हणजे सात. अकरा वर्षं आणि वर हे पाच महिने. मनात म्हटलं, बाराला पानं होतील, साडेबाराला पोटभर घालीन, चार-पाच तासांनी काय होतंय? डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, वेळ आणि वाटी. मी वेळ पाळली. दोन युनिट भरली, टोचली, खडूची रेघ ओढली आणि मुकादमाला पडवीत डालग्याखाली घालून वर वीट ठेवली.

तो ओरडला. नऊ वाजून गेले तरी ओरडत होता. मी आमसुलं कोळत होते, पानं पुसत होते. दहाला भटजी यायचे, ते आले नाहीत. भाऊजी दोनदा स्टेशनवर जाऊन आले. भटजींना त्या दिवशी आणखी दोन घरं होती, असं मागाहून कळलं.

साडेअकराच्या सुमारास मुकादम गप्प झाला.

"बघ," वन्सं म्हणाल्या, "शहाणा आहे. समजलं त्याला."

आता जे लिहिते ते मास्तरीणबाईंना सांगता आलं नव्हतं. मला ऐकू आलं होतं. ती शांतता कानावर पडली तशी माझ्या हातातली आमसुलं थांबली. ह्यांची ती गप्प व्हायची खूण मी अकरा वर्षांत चुकवली नव्हती, आणि त्या दिवशीही चुकवली नाही. मला कळलं होतं. पण मी उठले नाही. मांजराला शिवलं तर पुन्हा आंघोळ, वन्सं काय म्हणतील, आता भटजी येतीलच, श्राद्ध ह्यांचं आहे, आज तरी काही वाकडं व्हायला नको. असं म्हणत मी तिथेच बसून राहिले. किती वेळ ते मी घड्याळात पाहिलं नाही. अर्ध्या तासाहून जास्त होता.

शेवटी भाऊजी पडवीतून म्हणाले, "वहिनी, डालगं हलतंय बघा. आवाज मात्र नाही."

मी धावले. वीट बाजूला फेकली. मुकादम आडवा पडला होता, चारही पाय हवेत पळत होते, तोंडाला फेस, खालचं फडकं ओलं. डोळे उघडे होते आणि बघत नव्हते. फळीवरच्या बरणीकडे हात गेला तर बरणी रिकामी. साखर कमी पडेल म्हणून आदल्या रात्री वन्संनी तीही खिरीत घालायला काढून घेतली होती, मला विचारून.

मग मी चुलीपाशी गेले. ओवळ्या हाताने पातेल्यावरचं झाकण काढलं, वाटी बुडवली.

"इंदू," वन्सं म्हणाल्या. "अगं, पितरांची पानं व्हायची आहेत. माझ्या भावाची खीर आहे ती."

"त्यांचीच आहे," मी म्हटलं.

पडवीत बसून बोटाने खिरीचं गोड दूध मुकादमाच्या हिरड्यांना चोळत राहिले. ओतलं नाही, ओतलं तर श्वासात जातं. बोट, पुन्हा बोट. भाऊजींनी त्याचे पाय धरले होते. बऱ्याच वेळाने पाय थांबले. आणखी वेळाने त्याने जीभ बाहेर काढून माझं बोट चाटलं.

वर पाहिलं तर वन्सं दारात उभ्या. आत गेल्या, तो सगळा सैपाक बाजूला केला, भाऊजींना पुन्हा दूध-साखर आणायला पाठवलं आणि नवी खीर चढवली. भटजी दोनला आले, तोवर पानं तयार होती. संध्याकाळी निघेपर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चपला घालताना मात्र पडवीकडे बघून म्हणाल्या, "ते जगेल ना गं?"

*

मुकादम जगला, अठरा दिवस. पण त्याचे डोळे गेले. भिंतीला नाक लावून चालायचा, वाटी पायाने सांडायचा. मी त्याला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांपुढे काडी पेटवून पाहिली आणि काडी विझवली.

"खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसती तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "येतं असं हातून."

परतताना इस्पितळ वाटेवरच होतं. आत जाईन असं ठरवलं नव्हतं, पाय वळले. ह्यांच्या वॉर्डचे डॉक्टर व्हरांड्यात भेटले, त्यांनी मला ओळखलं. मी टोपली खाली ठेवली आणि विचारलं, "आदल्या दिवशी हे खीर मागत होते. वाटीभर. दिली असती तर काय झालं असतं?"

त्यांनी थोडा विचार केला. खोटं बोलावं की खरं, याचा असावा.

"काही झालं नसतं, बाई. तेव्हा साखरेचा प्रश्न उरलाच नव्हता. चार घास बरे वाटले असते त्यांना, एवढंच."

मी बरं म्हटलं आणि टोपली उचलली.

*

मास्तरीणबाई, तुम्हाला सांगायचं राहिलं ते हे. सुईचा हात तुम्हाला दोन दिवसांत जमेल, तो अवघड नाही. आधी त्याला खायला घाला. वाटी रिकामी झालेली तुमच्या डोळ्यांनी बघा. सण असो, उपास असो, घरी कोणीही येऊन बसलेलं असो. नाही खाल्लं तर सुई ठेवून द्या आणि घड्याळाकडे पाठ करा. साखरेची बरणी कोणाला देऊ नका. आणि सुई दिल्यावर त्याला कधी झाकून, कोंडून ठेवू नका. ते गप्प झालं तर शहाणं झालं असं कोणी म्हणेल. तुम्ही उठा.

अठराव्या सकाळी मुकादमाने मासे हुंगले आणि तोंड फिरवलं. मी सिरिंज उकळून ठेवली होती, ती तशीच भांड्यात राहू दिली. सात वाजून गेले. भिंतीवर रेघ ओढली नाही. त्याचा श्वास बारीक झाला होता, तो काही दुपार काढणार नव्हता, हे मला दिसत होतं. मी चूल पेटवली, दूध तापवलं, मूठभर भात घातला, साखर घातली, मोजली नाही. निवल्यावर त्याला मांडीवर घेऊन बोट पुढे केलं. त्याने एकदा चाटलं, पुन्हा एकदा चाटलं आणि माझ्या मनगटावर हनुवटी टेकली.

खीर मी जास्त केली नव्हती. वाटीभरच केली होती. बाकीची वाटी समोर तशीच राहिली.